एकोणतिसावं पान

डेपोत त्यांना सगळे मिनिटसाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग निवृत्तीच्या दिवशी ड्रायव्हर लोकांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, त्यावर तेच नाव कोरलेलं निघालं आणि पाठीमागचं तोंडावर आलं. चौतीस वर्षं त्यांनी बसची वेळापत्रकं बनवली. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचणार, ड्रायव्हर जेवणार कधी, पाळी बदलणार कुठे, सगळं एका मोठ्या कागदावर पेन्सिलीने, पट्टी लावून. पुढे कॉम्प्युटर आला, तरी ते आधी कागदावर काढत आणि मग कॉम्प्युटरला सांगत. तो त्यांना शेवटपर्यंत हाताखालचा कारकूनच वाटला.

एका गोष्टीवर मात्र ते कुणाचं ऐकून घेत नसत. बस उशिरा आली तर नुसत्या आठ्या घालत. पण बस थांब्यावरून एक मिनिट जरी लवकर सुटली, तर त्या ड्रायव्हरची धडगत नसे. "उशिरा येणाऱ्या बसची माणूस वाट तरी बघू शकतो," ते म्हणत. "लवकर सुटलेल्या बसचं काय? तो बिचारा वेळेवर आलाय, उभा आहे तिथे. गेली हे त्याला कळतसुद्धा नाही." नव्या ड्रायव्हरांना हे इतक्यांदा ऐकावं लागे की ते मागे उभे राहून ओठ हलवत.

असा माणूस निवृत्त होऊन स्वस्थ बसणार थोडाच. त्यांचा जन्म यहुदी घरातला, आणि धर्मग्रंथांचा अभ्यास लहानपणी सुरू होऊन नोकरीपायी अर्धवट राहिलेला. आता तो पुरा करायचा. किती वेळ कशाला द्यायचा, याचाही त्यांच्या धर्मात नियम आहे, आणि तो नियम ऐकला तेव्हा मिनिटसाहेबांना आपल्यासाठीच कुणीतरी लिहून ठेवलाय असं वाटलं. जुन्या शहाण्यांनी सांगून ठेवलं होतं की माणसाने आपल्या वर्षांचे तीन भाग करावेत: एक भाग तोरा, म्हणजे मूळ लिखित धर्मग्रंथ, वाचायला, एक भाग मिश्नाला, म्हणजे तोंडी परंपरेने आलेल्या नियमांना, आणि एक भाग तल्मूदला, म्हणजे त्या नियमांवर पिढ्यानपिढ्या चाललेल्या वादाला. त्यावर लगेच कुणीतरी शंका काढली, की आपण किती वर्षं जगणार हे कुणाला माहीत आहे? तेव्हा ठरलं, वर्षांचे नको, दिवसांचे भाग करा.

मिनिटसाहेबांनी कागद घेतला, पट्टी घेतली आणि दिवसाचे तीन भाग केले. सकाळी सहा ते आठ तोरा. अकरा ते एक मिश्ना. चार ते सहा तल्मूद. बायकोने तक्ता बघितला आणि विचारलं, "यात मी कुठे बसते?"

"सहानंतर," ते म्हणाले.

"नशीब माझं, शेवटची बस तरी आहे," ती म्हणाली.

पहिले दोन भाग एकट्याने करता येतात. तिसऱ्याला जोडीदार लागतो. तल्मूद एकट्याने वाचायचा नसतो, समोर कुणीतरी "हे पटत नाही" म्हणणारा हवा. हा जोडीदार त्यांना मिळाला चष्मेवाला. दोन गल्ल्या सोडून त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे एक खोली: एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, आणि काचा घासायचं मशीन, जे फडक्याखाली झाकलेलं असे. दुकानाच्या दारावर पाटी होती, "चार ते सहा बंद". गिऱ्हाइकं कुरकुरत, पण चष्मेवाल्याचं म्हणणं असं की ज्याला दिसत नाही तो सहापर्यंत थांबू शकतो, आतापर्यंत दिसत नव्हतंच की.

हा चष्मेवाला म्हणजे मिनिटसाहेबांच्या नेमका उलटा. चारची वेळ म्हटली की चार वाजून दहा मिनिटांनी आतून विचारणार, "आलास का?" एका ओळीवर तीन तीन दिवस बसणार. पुढे गेलो म्हटलं की मागे येणार. एखादं वाक्य वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "इथे मला एक शंका आहे." ती शंका सोडवायला पंधरा पानं मागे जायचं, आणि तिथे पोचलं की तिथली एक नवी शंका. पुस्तक मिनिटसाहेबांचं, निळ्या बांधणीचं, एकशे अठरा पानांचं. अकरा वर्षांत ते दोघं एकोणतिसाव्या पानावर पोचले होते. पायी निघालेला माणूससुद्धा यापेक्षा लवकर कुठेतरी पोचला असता.

"अरे, आपण तीन भाग करतोय, त्यातला एक हा," मिनिटसाहेब वैतागत. "हा भाग पुढे सरकायला नको?"

"नियम पुन्हा वाच," चष्मेवाला म्हणे. "दिवस वाटायला सांगितलंय. संपवायला कुठे सांगितलंय?"

सहा वाजता बायको यायची. दोघं मिळून बाजार करून घरी जात, म्हणून ती दुकानातूनच त्यांना घेऊन जाई. ती आत येई, दोघांचा वाद दोन मिनिटं उभ्याने ऐकून घेई, मग पहिल्या दिवशी केसांतून काढलेली पिन टेबलावरून उचलून, ज्या ओळीवर नवऱ्याचं बोट असेल तिथे ती लावून पुस्तक मिटून टाकी. "पुरे आता. राहिलेलं उद्याला ठेवा." रोज तीच पिन. एकदा चष्मेवाल्याच्याच चष्म्याची काडी हलत होती. साऱ्या गावाचे चष्मे घट्ट करणाऱ्याचा स्वतःचा चष्मा कायम ढिला. तिने पिनेच्या टोकाने तो स्क्रू पिळला. काडी बसली आणि पिनेचा एक पाय वाकला तो वाकलाच.

"तुमचं पुस्तक संपेल ना, त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला जेवायला घालीन," ती म्हणायची.

"वहिनी, मग गल्ली उपाशीच मरणार," चष्मेवाला म्हणायचा.

थट्टाच होती ती. पण ती आजारी पडली आणि अडीच महिन्यांत गेली, तेव्हा मिनिटसाहेबांच्या मनात ती थट्टा कुसळासारखी सलू लागली. तिने गल्लीला जेवायला घातलं नाही. का घातलं नाही? कारण पुस्तक संपलं नाही. का संपलं नाही? इथपर्यंत आलं की त्यांना समोर कपाळावर चष्मा सरकवलेला एक माणूस दिसायचा. दुःखाला कुणीतरी जबाबदार लागतो. देवाशी भांडायला छाती लागते. मित्राशी भांडायला काही लागत नाही.

तीस दिवसांचा शोक संपल्यावर ते पहिल्यांदा दुकानात गेले, ते एक नवा तक्ता घेऊनच. त्यांच्यात रीत आहे: माणूस गेल्याच्या वर्षदिनी त्याच्या नावाने एखादं पुस्तक पुरं करायचं, दहा जणांना जमवून शेवटच्या ओळी मोठ्याने वाचायच्या आणि प्रार्थना म्हणायची. उरलेली पानं आणि उरलेले दिवस यांचा हिशोब त्यांनी घालून आणला होता. विश्रांतीचे शनिवार आणि सण सोडून तीन दिवसांना एक पान. शेवटच्या ओळी बरोबर वर्षदिनाला पडत होत्या.

चष्मेवाल्याने तक्ता बघितला, बाजूला ठेवला, आणि पुस्तक उघडलं. त्याला बहुतेक नेहमीसारखंच काहीतरी व्हावं असं वाटत होतं. "आपण इथे होतो," तो म्हणाला. "सापडलेल्या वस्तूंचा नियम. इथे मला एक शंका होती..."

"तुझ्या शंकांपायी ती वाट बघत गेली," मिनिटसाहेब म्हणाले.

चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. मिनिटसाहेबांनी तक्ता उचलला आणि ते निघून गेले. तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. इतक्या लवकर ते त्या खोलीतून कधीच उठले नव्हते.

पुस्तक तिथेच राहिलं. ते आणायला जायचं म्हणजे तोंड दाखवायचं. त्यांनी दुसरी प्रत आणली, नवी कोरी, आणि फोनवर पाठ ऐकायला सुरुवात केली. कुणी एक विद्वान पानापानाचा पाठ रेकॉर्ड करून ठेवतो. नंबर लावायचा, पान सांगायचं आणि ऐकायचं. माणूस हुशार. उच्चार स्वच्छ. खोकत नाही, चहा मागत नाही, आणि शंका तर काढतच नाही.

सुरुवातीला एकोणतिसावं पान लावलं. तेच, अर्धवट राहिलेलं. नियम असा होता: कुणाचं हरवलेलं पुस्तक सापडलं तर मालक येईपर्यंत सांभाळायचं. तीस दिवसांतून एकदा उघडून वाचायचं, म्हणजे पानं चिकटत नाहीत. पण त्यातून नवं काही शिकायचं नाही, आणि दोघांनी मिळून वाचायचं नाही, कारण दोघं आपापल्या बाजूला ओढतात. आवाजाने हे दीड मिनिटात उरकलं. "हो, पण..." मिनिटसाहेब म्हणाले, तोवर आवाज पुढच्या ओळीवर पोचला होता. त्यांनी फोन बंद केला. त्यांना चष्मेवाल्याची शंका काय होती ते आठवत नव्हतं, आणि ती ऐकल्याशिवाय पुढे जाणं जमत नव्हतं. हे पान नंतर बघू, असं ठरवून त्यांनी दुसऱ्या दिवशी तिसाव्यापासून सुरुवात केली. तक्त्यावर एकोणतीसचा चौकोन पांढरा राहिला.

मग पानं भराभर पुढे सरकू लागली. रोज चार वाजता ते जेवणाच्या टेबलाशी बसत. समोर बायकोची खुर्ची. फोन मधोमध, मीठदाणीला टेकवून. आवाज बोलायचा, ते ऐकायचे. मधूनच सवयीने "हे पटत नाही" म्हणायचे. आवाज थांबायचा नाही. थांबवायचं बटण होतं, पण दाबल्यावर नुसतं शांत व्हायचं, पलीकडे कुणी ऐकत आहे असं नव्हतं. एकदा तर त्यांना त्या विद्वानाची चूक सापडली, खरीखुरी चूक, त्याने एका शहाण्याचं मत दुसऱ्याच्या नावावर घातलं होतं. मिनिटसाहेब उठून उभे राहिले. अशी चूक पकडली की चष्मेवाला टेबलावर थाप मारायचा. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत बसले. चूक सांगायची कुणाला?

सहा वाजता फोन बंद व्हायचा. ते तिथेच बसून राहायचे, दाराकडे बघत. मग बाजारात जायचे आणि एका माणसाचं सामान आणायचे. एका माणसाचं सामान फार पटकन होतं. कधी कधी घरी परत येऊन दिवे लावताना त्यांच्या लक्षात यायचं की आज दिवसभरात आपण फक्त "हे पटत नाही" एवढंच बोललो, आणि तेही एका यंत्राला.

मुलगी दुसऱ्या शहरात होती. दर आठवड्याला विश्रांतीचा दिवस संपला की तिचा फोन यायचा. "बाबा, जेवता ना नीट?" "जेवतो." "अभ्यास?" "वेळेवर चाललाय." वेळेवर चाललाय हे ते इतक्या अभिमानाने सांगत, की बिचारीला पुढे काय विचारावं कळत नसे.

वर्षदिन गुरुवारी येत होता. त्याआधीच्या फोनवर ती म्हणाली, "मी बुधवारी संध्याकाळी पोचते. किती माणसं येणार आहेत?"

"दहा," मिनिटसाहेब म्हणाले.

"आईला बरं वाटेल."

फोन ठेवल्यावर ते दहा माणसं लिहायला बसले. प्रार्थनाघरात ते रोज जात, पण ठरल्या मिनिटाला पोचत आणि ठरल्या मिनिटाला निघत, कारण पुढे अकराचा मिश्ना असायचा. आधी आणि नंतर लोक दारात उभे राहून बोलतात, ओळखी तिथेच होतात, हे त्यांच्या वेळापत्रकात कुठे बसलंच नव्हतं. शेजारचा शिंपी. प्रार्थनाघराची किल्ली सांभाळणारे आजोबा. डेपोतला एक जुना टायपिस्ट, तो अजून आहे की नाही हे विचारावं लागणार होतं. चौथ्या नावापाशी पेन्सिल थांबली. बहात्तर वर्षांच्या माणसाची यादी चारावर थांबते, हे त्यांनी नीट, अक्षर न बिघडवता लिहिलेल्या कागदावर पाहिलं, आणि त्यांना रडू आलं. एकटेपणा वगैरे शब्द त्यांना कधी आवडले नव्हते. पण हा तोच होता, आणि त्याची यादीसुद्धा तयार होती.

सोमवारी त्यांनी शेवटचं पान ऐकलं. शेवटच्या सहा ओळी रीतीप्रमाणे गुरुवारसाठी ठेवल्या आणि तक्ता भिंतीवरून उतरवला. ऐंशीच्या वर चौकोन काळे केलेले, एकसुद्धा दिवस चुकलेला नाही. मधोमध कुठे नाही, अगदी सुरुवातीलाच, एक पांढरा.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, एक पान राहिलं तर राहिलं, कुणाला कळतंय? पण हे मिनिटसाहेब. एक थांबा गाळून शेवटच्या स्टॉपवर पोचलेली बस पोचली असं त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी एकोणतिसावं पान उघडलं, फोन लावला, दीड मिनिट ऐकलं. पुन्हा लावलं. सात वेळा ऐकलं. सगळं कळत होतं आणि काहीच होत नव्हतं. त्या पानाला एक शंका हवी होती आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

चष्मेवाला अजून थांब्यावर उभा असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि ते हातात फोन धरूनच बसले. चार वाजून वीस मिनिटांनी आपण उठलो. सुटायची वेळ सहाची होती.

मंगळवारी चार वाजता ते दुकानाशी गेले. दारावर तीच पाटी होती, "चार ते सहा बंद". अक्षरं उन्हाने फिकी झाली होती. जोडीदार गेल्यावर ती पाटी काढून टाकायला काय हरकत होती? अकरा महिने रोज दोन तास दुकान बंद ठेवून हा माणूस आत करतोय काय? त्यांनी दार ढकललं. आतून आवाज आला, "आलास का?"

सवयीने आला असेल, किंवा दाराची घंटी वाजली म्हणून. मिनिटसाहेब मागच्या खोलीत गेले. टेबल तेच, खुर्च्या दोन. चष्मेवाला एका खुर्चीवर, चष्मा कपाळावर. समोर टेबल रिकामं होतं. निळं पुस्तक कपाटात वरच्या खणात होतं, एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं.

"माझं पुस्तक राहिलंय इथे," मिनिटसाहेब म्हणाले. घरून निघताना त्यांनी बरंच काही म्हणायचं ठरवलं होतं.

"एक पुस्तक आहे माझ्याकडे," चष्मेवाला म्हणाला. "पण मालकाने खूण सांगावी लागते. माहीत आहे ना?"

"अरे, माझंच आहे ते!"

"सगळे तसंच म्हणतात. खूण सांग."

मिनिटसाहेबांना राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं. किती महिन्यांनी कुणीतरी त्यांना उलट बोललं होतं. ते खुर्ची ओढून बसले. "निळी बांधणी."

"त्या छापाची सगळीच निळी. ही खूण धरत नाहीत."

"खालचा कोपरा दुमडलाय."

"जुन्या पुस्तकाचा कोपरा दुमडलेलाच असतो."

"चहाचा डाग. अकराव्या पानावर. तूच सांडलास!"

"डाग आहे," चष्मेवाल्याने कबूल केलं. "पण अकराव्या पानावर चहा कुणाचाही सांडेल. तिथे सगळ्यांचीच झोप उडते. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात असणार नाही असं सांग."

मिनिटसाहेबांनी डोळे मिटले आणि ती खोली आठवली, हीच, पण सहा वाजतानाची. पुस्तक उघडं आहे. आपलं बोट एका ओळीवर आहे. दार वाजतं. कुणीतरी दोन मिनिटं मागे उभं राहतं. मग खांद्यावरून एक हात पुढे येतो.

"पिन," ते म्हणाले. "तिची केसांची पिन. काळी. एकोणतिसाव्या पानावर. तिचा एक पाय वाकलाय. तुझ्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करताना वाकला."

चष्मेवाला उठला. फडक्यातून पुस्तक काढून त्याने त्यांच्यासमोर ठेवलं आणि उघडलं. ते आपोआप त्याच पानावर उघडलं. पिन तिथेच होती. कागदावर तिचा तांबूस ठसा उमटला होता.

"हलवली नाही," तो म्हणाला. "दर तीस दिवसांनी उघडलं. ही ओळ वाचली, मिटलं. पुढचं एक अक्षर वाचलं नाही. सांभाळणाऱ्याला नवं शिकायची परवानगी नाही."

"फोन करायचास की!"

"मालक शोधत यावा लागतो." मग आपल्याच हाताकडे बघत तो म्हणाला, "माझी शंका तीच होती रे त्या दिवशी. माणूस पुस्तक विसरून गेला, तर ते सांभाळायचं. पण मुद्दाम टाकून गेला, तर त्याचं त्यावर काही उरलं नाही, ज्याला मिळालं त्याचं झालं. आता बघणाऱ्याने कसं ओळखायचं, विसरलाय की टाकलंय? महिनाभर मी त्याच्यावर बसलो. मग ठरवलं, विसरलास."

मिनिटसाहेबांनी मान खाली घातली. "मी टाकलं होतं," ते म्हणाले. "तुलापण."

"ते तू सांगतोस. मालकाच्या मनात काय होतं हे मालकालाच कळतं असं कुठे लिहिलंय?"

आणि त्याने टेबलावर थाप मारली. मिनिटसाहेब हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तेव्हा चष्मेवाल्याने चष्मे पुसायचा मऊ कपडा पुढे केला आणि स्वतः अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला.

"गुरुवारी तिचा वर्षदिन आहे," मिनिटसाहेब नाक पुसून म्हणाले. "शेवटच्या सहा ओळी ठेवल्यात. हे एक पान झालं की पुरं."

"माहीत आहे गुरुवार. शिंपी आला होता सांगायला. तू चौघांनाच बोलावलंस म्हणाला. मी सहा जणांना सांगून ठेवलंय, गिऱ्हाइकंच आहेत, पण मनाने बरी आहेत." त्याने पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं. "पण हे पान दोन दिवसांत होईल असं समजू नकोस. ही शंका साधी नाही."

मिनिटसाहेबांनी त्या पांढऱ्या चौकोनाचा विचार केला. तक्त्यातला प्रत्येक चौकोन त्यांनी तिच्या नावाने काळा केला होता. आणि त्या सगळ्या ऐंशी-नव्वद पानांतलं एकसुद्धा तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हाताने मिटलेलं शेवटचं पान हे होतं.

"मग गुरुवारी हेच वाचू," ते म्हणाले. "दहा जणांसमोर. ही ओळ. तुझ्या शंकेसकट."

"संपल्याशिवाय?"

"संपवायला कुठे सांगितलंय?"

चष्मेवाल्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. मग वाचायला सुरुवात केली. मिनिटसाहेबांनी पिन काढून मुठीत धरली आणि बोट ओळीवर ठेवलं. पहिल्या अर्ध्या तासात दोघं एका शब्दावर भांडले. दुसऱ्या अर्ध्या तासात चार पानं मागे गेले. वेळ कसा गेला कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि दुकानातल्या घड्याळाने सहाचे ठोके दिले.

दोघं थांबले. दोघांनी दाराकडे बघितलं. दार बंद होतं, काचेपलीकडून रस्त्यावरची माणसं जात होती, आणि आत कुणी येत नव्हतं. चष्मेवाल्याने पुस्तकाच्या कडेला हात लावला, तो मिटण्यासाठी की धरण्यासाठी, त्यालाच ठाऊक. मिनिटसाहेबांच्या मुठीत पिनेचा वाकडा पाय टोचत होता. पुस्तक आता त्यांनीच मिटायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वेळ पाळता येईना.

"वाच पुढे," ते म्हणाले.